वेल्डाची कटकट

वेल्डा टकेटनं नवऱ्याची अब्रू नदीकाठच्या दगडावर चार लोकांसमोर घालवली, असं आमच्या गावात अजून म्हणतात. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर बसायला बायका आजही कचरतात. तोंडावर चर्चच्या रीतीनं 'सिस्टर टकेट, कशा आहात', आणि पाठ वळली की कुजबुज. असं म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो. त्या सफरीचा म्होरक्या मीच होतो, तीन नावा आणि बारा पाहुणे माझ्या जबाबदारीवर होते. तेव्हा आधी माझं ऐका, मग काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

ऑर्सन टकेट तिचा नवरा. उंच, काटकुळा, मोजून-मापून बोलणारा. कोलोरॅडो नदीच्या मोठ्या घळीतून पाहुण्यांना खाली न्यायचं काम आम्ही सगळेच करायचो. बाकीचे लोक रबरी तराफे वापरायचे, आमच्या नावा लाकडी. रबर दगडावर आपटलं तर उसळतं, लाकूड फुटतं. म्हणून लाकडी नाव चालवणाऱ्याला जरा जास्तच तोरा असतो, तो आम्हालाही होता. ऑर्सन आपली नाव स्वतः बांधायचा. हिवाळाभर कोठारात फळ्या वाफवून वाकवायचा, एकेक स्क्रू आपल्या हातानं पिळायचा. त्याच्या वल्ह्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी कधी पाहिला नाही. आमच्यात रीतच आहे तशी, ज्याची नाव त्यानंच चालवायची.

आणखी एक रीत आहे. वाईट पाणी आलं की त्याच्या वर नावा बांधायच्या, काठावरच्या दगडांवर चढायचं आणि पाणी बघत उभं राहायचं. प्रत्येक नावाडी एकटा बघतो आणि आपली वाट मनाशी ठरवतो. तू कुठून जाणार, असं कुणी कुणाला विचारत नाही. दुसऱ्याची वाट उसनी घेऊन उतरलेला माणूस भर पाण्यात कचरतो, आणि तिथे कचरला की संपला.

वेल्डा आमची स्वयंपाकीण. ठेंगणी, गोल, उन्हानं लाल झालेली. बिडाच्या जाड भांड्यात पीठ आणि घरच्या बरणीतले पीच घालायची, झाकणावर निखारे पसरायची आणि वाळूत बसून राहायची. नदीवरच्या त्या पीचसाठी लोक दुसऱ्यांदा यायचे. आमच्या पंथात कॉफी वर्ज्य. पण पाहुण्यांसाठी ती अशी काही कॉफी करायची की बॉयड म्हणायचा, "वेल्डा, ही तू चाखल्याशिवाय जमत नाही. खरं बोल, देव ऐकतोय."

बॉयड आमचा तिसरा नावाडी. जिभेला हाड नाही, पण मनाचा चांगला.

स्वयंपाकाचं सामान ऑर्सनच्या नावेत असायचं, त्यामुळे वेल्डाही त्याच नावेत, पुढच्या बाकावर. आणि नाव जरा वेगात आली की तिचं तोंड सुरू.

"अरे उजवीकडे घे! उजवीकडे म्हणते ना! एवढा मोठा खड्डा दिसत नाही? डोळे फुटले का तुझे? ओढ! आणखी ओढ! झोप लागली का काय? बास, बास, किती ओढशील, सोड आता, जाऊ दे सरळ. अगं आई गं, भिजवलं मला!"

पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे. एक बाई तर नवऱ्याला म्हणाली, "बघा हो, मी कधी एवढं बोलते का तुम्हाला?" खाली संथ पाण्याला लागलो की बॉयड ओरडून विचारायचा, "ऑर्सन, वल्ही कशाला बाळगतोस रे? बायकोच्या तोंडाच्या वाऱ्यावर नाव चालतेय तुझी!" ऑर्सन नुसता हसायचा. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला सवय झालीय.

आणि त्याची ती ऐट. दगडावर उभा राहून पाणी बघताना तो मान वाकडी करायचा, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. बॉयड त्याची नक्कल करायचा. म्हणायचा, "म्हाताऱ्याला सरळ बघायचं जिवावर येतं."

सरळ त्याला दिसतच नव्हतं. नजरेच्या मधोमध राखाडी डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, मधलं गेलं होतं. वेल्डाला हे कोठारात कळलं. फळीवर रंधा मारता मारता त्यानं तिला हाक मारली आणि विचारलं, "रेघ सरळ आली का बघ." सबंध संसारात त्यानं असं कुणाला विचारलं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार, यावर औषध नाही. परत येताना गाडी वेल्डानं चालवली. गाव दिसायला लागल्यावर ऑर्सन म्हणाला, "हा एक हंगाम होऊ दे." ती हो म्हणाली. मग आणखी एक झाला, आणि त्यानंतर आणखी एक.

हो का म्हणालीस, असं मी तिला पुढे विचारलं. म्हणाली, "वल्ही काढून घेतली असती तर त्याच्याजवळ काय राहिलं असतं रे? मी होते. पण मी काही नदी नाही."

तर ही सगळी कटकट म्हणजे त्याचे डोळे होते. ती सांगायची आणि तो ओढायचा. वरून नवरा-बायकोचं भांडण वाटावं म्हणून मध्येमध्ये दोन शिव्या पेरायच्या. दगडावर चढताना ती त्याची टोपी घेऊन मागून यायची, तेही सोंगच. टोपी द्यायच्या निमित्तानं ती त्याच्याशेजारी उभी राहून पाणी पाठ करायची. तीस वर्षं ती त्या बाकावर बसली होती. ऑर्सनची प्रत्येक वाट तिला ठाऊक होती, चुलीवर दूध कधी उतू जाणार हे बाईला कळतं तशी. फक्त एवढंच, की ऑर्सनच्या वाटा तिला येत होत्या. दुसऱ्या कुठल्या नाही.

त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही उतरलो. ऑर्सनच्या नावेत चौघं होते. व्हिटकॉम नावाचे नवरा-बायको, त्यांची मुलगी मार्गो, आणि लोमॅक्स म्हणून एक म्हातारा न्हावी. मार्गोचं पुढच्या महिन्यात लग्न होतं. ती वेल्डाशेजारी बसून पोळ्यांसारख्या पातळ टॉर्टिया भाजायला शिकत होती आणि प्रत्येक टॉर्टिया जाळत होती. वेल्डा म्हणायची, "जाळ गं, जाळ. नवरा पहिलं वर्षभर काही बोलत नाही. मग मात्र शिकून घे."

सफर चांगली चालली होती. राहिलं होतं ते लाव्हा. काळ्या ज्वालामुखीचा दगड घळीत ओतला गेलाय तिथलं पाणी. आमच्या नदीवर त्याहून वाईट काही नाही. मधोमध पाण्याखाली एक कडा आहे. पाणी त्यावरून कोसळतं आणि मागे उलटून जागच्या जागी उकळत राहतं. त्यात गेलेली नाव तिथेच गरगरते, माणसं खाली ओढली जातात. पाणी भरपूर असलं तर डाव्या काठानं एक बरी वाट मिळते. ऑर्सन गेली कित्येक वर्षं डावीकडूनच जायचा. पाणी कमी असलं की डावीकडे नुसते दगड उघडे पडतात. मग उजवी वाट. त्या कड्याला खेटून आत शिरायचं, दोन लाटा एकमेकींवर आदळतात त्यांच्या नेमकं मधून जायचं, आणि खाली काळा खडक आडवा येतो तो चुकवायचा. हातभर इकडे-तिकडे झालं तरी चालत नाही.

पाण्याचा हिशोब ऑर्सनकडे असायचा. वर धरण आहे. शहरांना वीज जास्त लागली की तिथून पाणी जास्त सोडतात, कमी लागली की कमी. रविवारी कचेऱ्या बंद, कारखाने बंद, म्हणून रविवारचं पाणी हडकुळं. ते लाव्हाला पोचायला दोन दिवस लागतात. त्यामुळे आम्ही नदीवर कधी म्हणत नाही की आज मंगळवार. आम्ही म्हणतो, आज आपण रविवारच्या पाण्यावर आहोत. ऑर्सननं दिवस असे मोजले होते की बुधवारी लाव्हाला पोचायचं, म्हणजे सोमवारचं भरलेलं पाणी मिळेल आणि डावी वाट उघडी असेल.

बुधवारी पोचलो. पाणी हडकुळं. डावीकडे दगडच दगड.

"येईल," ऑर्सन म्हणाला. "सोमवारचं पाणी दुपारपर्यंत येईल."

पाण्याच्या कडेला वाळूत काटकी रोवून आम्ही बसलो. पाणी चढायला लागलं की काटकी भिजते. काळा दगड उन्हानं असा तापला होता की हात टेकवत नव्हता. वेल्डा दर थोड्या वेळानं उठून काटकी बघून यायची. जेवणं झाली. काटकी कोरडी ती कोरडीच.

"सोमवारचं पाणी एवढा उशीर करत नाही," मी म्हणालो.

लोमॅक्स न्हावी सावलीत पाय पसरून बसला होता. तो सहज बोलला, "सोमवारी तर सुट्टी होती हो. सप्टेंबरातला पहिला सोमवार, आपला कामगार दिन. आमच्याकडे मिरवणूक असते, यंदा माझी चुकली."

खुळेच आम्ही! पाण्याचे वार मोजत होतो आणि माणसांचा वार विसरलो. शहरं सोमवारीही झोपली होती. सोमवारचं पाणी म्हणजे दुसरा रविवारच. भरलेलं पाणी यायला उद्याची दुपार होणार होती, आणि पाहुण्यांना घ्यायला हेलिकॉप्टर यायचं होतं सकाळी, लाव्हाच्या खाली आठ मैलांवर. त्यांना निरोप पाठवायचा कसा? वरून जाणाऱ्या विमानाला आरशानं उन्हाचा कवडसा मारायचा, एवढंच साधन आमच्याजवळ. तेही मी करून पाहिलं. विमान निघून गेलं.

तसं कमी पाण्यात लाव्हा मी आणि बॉयड पुष्कळदा उतरलो होतो. सुखाचं काम नाही, पण होतं. म्हणून मी म्हणालो, "चला मग, उजवीकडून."

पुन्हा दगडावर चढलो. मी बघितलं, बॉयडनं बघितलं. ऑर्सन मान वाकडी करून उभा राहिला. वेल्डा टोपी घेऊन आली आणि तीही बघत राहिली. बघता बघता तिनं टोपीचा पार बोळा केला.

"झालं," ऑर्सन म्हणाला. "चल."

ती जागची हलली नाही.

"ऑर्सन, ही वाट मला येत नाही."

"तुला कशाला यायला हवी? मला येते."

"तुला आठवते. पार पूर्वीची. वरून दगड सरकून आलाय त्याच्या आधीची. खडकापुढं पाणी आता तसं फुटत नाही, मी सांगते ना तुला."

बॉयड हसला. "काय वेल्डा, आज वल्ही तूच धरतेस की काय?"

तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली नावांपाशी मार्गो आपल्या आईच्या जाकिटाचे पट्टे आवळत होती आणि दोघी कशावरून तरी खिदळत होत्या. वेल्डा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"रुलॉन, त्याला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"मधलं काहीच दिसत नाही. तीन हंगाम झाले. मी बोलते आणि तो ओढतो. पण हे पाणी मला येत नाही. मी त्या चौघांना त्याच्या नावेत बसू देणार नाही."

बॉयड अजून हसत होता, त्याला थांबायला जरा वेळ लागला. ऑर्सनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक पडला. तो ओरडेल असं मला वाटलं. तो अगदी हळू बोलला, लाव्हाच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

"तुझ्या भरवशावर होतो मी."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "तीन हंगाम!" मी ओरडलो. "तीन हंगाम तुम्ही दोघांनी मिळून माझी माणसं त्या नावेत बसवलीत? लाज नाही वाटली?"

"वाटते," वेल्डा म्हणाली. "त्याचं काय करायचं ते नंतर कर. मार, हाकलून दे, काय वाटेल ते. आत्ता आधी माणसं वाटून घे."

तिचं बरोबर होतं. मी माझ्या नावेत मार्गोला आणि तिच्या आईला घेतलं. व्हिटकॉमसाहेब आणि न्हावी बॉयडकडे गेले. पाहुण्यांना सांगितलं की ऑर्सनचा खांदा धरलाय. आणि ऑर्सनला मी म्हणालो, "तू माझ्याबरोबर चल. खाली पोचलो की मी चढून परत येतो आणि तुझी नाव नेतो."

"माझी नाव मी नेतो," तो म्हणाला. "रिकामी आहे ना आता? मग कुणाला काय त्याचं?"

मी वेल्डाकडे बघितलं. वाटलं, अडवेल. ती म्हणाली, "मग मी बसते पुढे. येतं तेवढं सांगीन."

"माझ्या नावेत पाय ठेवायचा नाही."

नावाड्याला त्याच्या स्वतःच्या नावेतून उतरवायचा अधिकार आमच्यात म्होरक्यालाही नाही. तेव्हा नव्हता, आणि उद्या असला तरी मला तो वापरवेल असं वाटत नाही.

मी आधी गेलो. दोन माणसं जास्त, नाव जड. कड्याच्या खड्ड्यानं नावेचं शेपूट ओढलं. कसाबसा निघालो. पाठोपाठ बॉयड आला, पाण्यानं काठोकाठ भरलेला. खालच्या भोवऱ्यात आम्ही काठाला लागलो, पाहुण्यांना उतरवलं आणि दोर हातात घेऊन वर बघत उभे राहिलो.

वेल्डा काठानं उतरत होती. ते दगड म्हणजे घराएवढाले, धारदार, तापलेले. ती त्यांवरून बसत, घसरत, चार पायांवर येत होती. उजवी वाट जिथे सुरू होते तिथल्या शेवटच्या दगडावर ती जाऊन उभी राहिली, अगदी पाण्यात. तेवढ्यात वर ऑर्सनची पांढरी नाव दिसली.

ती ओरडत होती. हात हलवत होती, तोंड उघडत होती, मिटत होती. लाव्हाजवळ शेजारी तोफ सुटली तरी कळणार नाही. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याला तर शक्यच नव्हतं. तरी ती ओरडतच राहिली.

तो मान एका बाजूला टाकून उभ्यानं येत होता. फार डावीकडे होता. मी "ओढ, ओढ" म्हणत होतो, बॉयड चक्क प्रार्थना म्हणत होता. नाव कड्याच्या खड्ड्याच्या ओठावर आली, आडवी झाली, अर्धी आत गेली. मग वर उसळली. रिकामी होती म्हणून उसळली, एवढं नीट लक्षात ठेवा. एक वल्हं काडीसारखं मोडलं. दोन लाटांच्या मधून ती सरळ उभी राहिली, ऑर्सन दिसेनासा झाला, मग पुन्हा दिसला. एका वल्ह्यानं त्यानं तोंड फिरवलं आणि काळ्या खडकाला पाठ घासून तो खाली आला.

पाहुण्यांनी जल्लोष केला. त्यांना वाटलं, काय हा शूर माणूस! बॉयड रडत होता. मी दोर पकडला. ऑर्सन बाकावर बसून राहिला, गुडघ्यापर्यंत पाण्यात. राहिलेलं वल्हं त्यानं कडीतून काढून माझ्यापुढे धरलं.

"घे," म्हणाला. "आता कुणीही चालवा."

वेल्डा पोचायला बराच वेळ लागला. गुडघे सोललेले, तळहात रक्ताळलेले, आवाज पार बसलेला. ती येतेय हे त्याला डोळ्यांच्या कडेनं दिसलं. त्यानं तोंड फिरवलं.

सकाळी हेलिकॉप्टर पाहुण्यांना घेऊन गेलं. मार्गोनं वेल्डाला मिठी मारली, लग्नाला यायचं हं म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. उरलेली नदी ऑर्सनची नाव वेल्डानं चालवली, माझ्याकडचं जादा वल्हं लावून. तो पुढच्या बाकावर तिच्याकडे पाठ करून बसला. ती चुकायची, नाव दगडांवर घासायची. आपल्या हातांनी बांधलेल्या नावेचं लाकूड खरवडलेलं त्याला ऐकू येत होतं. तो एक अक्षर बोलला नाही.

नंतरही नाही बोलला. घरी नाही, चर्चमध्ये नाही, कुठेच नाही. पुढे डाग वाढत वाढत सगळंच झाकून गेला, तरी नाही. मी त्यांच्याकडे जायचो. तो विचारायचा, "रुलॉन, सध्या पाणी किती सोडतायत?" वेल्डा स्वयंपाकघरातून आकडा सांगायची. ती रोज फोन करून विचारून ठेवायची. तो गप्प बसायचा. मग तोच आकडा मी सांगायचो, तेव्हा मान डोलवायचा. मला त्याला धरून हलवावंसं वाटायचं. वेल्डा नजरेनंच म्हणायची, राहू दे.

आणि गाव म्हणायचं, बघा, गेला की नाही शेवटी? आंधळ्यानं एकट्यानं लाव्हा पार केला! बायकोनं उगाच गावभर शोभा केली. मी प्रत्येकाला सांगून थकलो की अरे शहाण्यांनो, नाव रिकामी होती. चार माणसांचं वजन असतं तर ती त्या ओठावरून परत आली नसती. कुणी ऐकेल तर शपथ. आंधळ्या शूराची गोष्ट ऐकायला गोड लागते ना.

एकदा मी तिला विचारलं, पस्तावतेस का. ती भांडी घासत होती. म्हणाली, "तीन हंगाम लपवलं, त्याचा पस्तावा रोज होतो. त्या दिवसाचा होत नाही. माझ्याशी न बोलायला का होईना, तो आहे ना. आणि ती पोरगी कुठे तरी टॉर्टिया जाळत असेल." मग नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. नळ बराच वेळ वाहत होता.

गेल्या हिवाळ्यात ऑर्सन गेला. न बोलताच गेला. मला मनातून आशा होती की शेवटी तरी काही म्हणेल. दवाखान्यात मी होतो, तो नर्सशी बोलला, माझ्याशी बोलला. तिच्याशी नाही.

मयताच्या जेवणाला बायकांनी रीतीप्रमाणे चीज घातलेले बटाटे आणले, भांडी ठेवली आणि लगबगीनं निघून गेल्या. माझी बायको मागे राहिली. थंडी होती म्हणून तिनं खुंटीवरचा स्वेटर काढून वेल्डाच्या अंगावर घातला. घालताना तिच्या लक्षात आलं की डाव्या बाहीला कोपरापाशी भोक पडलंय, लोकर ताणून पार ढिली झालीय. "अगं, हा काय घालतेस," ती म्हणाली आणि कपाटातून दुसरा काढला. त्याचंही डावं कोपर गेलेलं. तिसऱ्याचंही तेच. कोटाचं तर अस्तर बाहेर आलं होतं.

"दे माझ्याकडे," माझी बायको म्हणाली. "सगळे रफू करून देते."

वेल्डानं तिच्या हातातले स्वेटर काढून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"नको गं," ती म्हणाली. "अंगणात, रस्त्यात, चर्चच्या पायऱ्यांवर तो इथंच धरायचा. घट्ट धरायचा, दुखायचं मला. एवढी वर्षं तो एका शब्दानं बोलला नाही माझ्याशी, पण माझं कोपर सोडून एक पाऊल टाकलं नाही त्यानं."

मग ती त्या बाह्यांवरून हात फिरवत बसली. माझ्या बायकोनं बटाटे गरम करायला ठेवले.